चर्चच्या दारात आडनाव विचारू नका

महोदय,

नाताळ जवळ आला की पिंपरी-चिंचवडच्या मराठी चर्चमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. चाकणच्या कारखान्यांत लागलेली नगर-जालन्याकडची मुलं, इस्पितळांतल्या तरुण नर्स, झारखंड-ओडिशाचे कामगार. त्यातले पुष्कळ जण जानेवारीत दिसत नाहीत. असं का होतं, यावर आमच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, उघड बोलावं म्हणून हे पत्र.

मी निवृत्त नर्स. सगळी नोकरी नगरला झाली, आता मुलाकडे चिंचवडला असते. इथल्या एका चर्चमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावर टेकते न टेकते तोच एक बाई म्हणाल्या, "इथं आमची माणसं बसतात." मी मागे जाऊन बसले. उपासना संपल्यावर दोघी-तिघींनी विचारपूस केली, ती मात्र एवढीच: आडनाव काय, मूळ गाव कोणतं? कुणी म्हणेल, ही आपुलकी आहे. कधी कधी असतेही. पण आडनाव नि गाव कळलं की समोरच्याचे आजे-पणजे कोणत्या जातीतून आले हे ताडलं जातं आणि पुढचं बोलणं त्या बेतानं होतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ख्रिस्ती होऊन पिढ्या गेल्या तरी ही सवय गेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा नि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीची चांगली कानउघाडणी केली आहे. त्यावरचे उपदेश आपण किती वेळा ऐकले असतील!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आपण दर रविवारी गातो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसानं १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात ख्रिस्ताला मानणारा कुणीही येऊ शकत होता, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. शंभर वर्षांपूर्वी टिळकांनी दार एवढं उघडलं होतं. आपल्या दारात मात्र सेक्रेटरी पहिल्याच भेटीत विचारतात, "जुन्या मंडळीचा दाखला आणलाय का?" दाखला लागतो, नाकारत नाही. लग्न, दफन, कमिटीची निवडणूक, सगळीकडे सभासदत्वाचा प्रश्न येतो. पण ते काम महिन्या-दोन महिन्यांनी केलं तर काय बिघडेल? वर्गणीचं तर तोवर नावही काढू नये.

माझ्या मते करण्यासारखं फार थोडं आहे, पण ते दर रविवारी व्हायला हवं. नवीन माणसाशेजारी कुणीतरी बसावं. गायनाचा नंबर सांगितला की पुस्तक त्या पानावर उघडून हातात द्यावं. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी रविवारची दोन-तीन गीतं रोमन लिपीत छापून ठेवावीत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर नि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी कुणी पुढे जायचं, कुणी बसून राहायचं, हे पाळकसाहेबांनी आधीच सौम्य शब्दांत सांगावं. नवखा माणूस तिथे सगळ्यात जास्त गोंधळतो. शेजारचं एखादं हिंदू कुटुंब कौतुकानं नाताळची उपासना पाहायला आलं तर त्यांना सुखानं बसू द्यावं, पत्रकं हातात कोंबू नयेत. आणि सर्वांसमोर उभं करून नाव सांगायला लावणं बंद करावं. एकवीस वर्षांची लाजरी मुलगी त्या एका मिनिटाच्या धास्तीनं पुढच्या रविवारी येत नाही.

आता डिसेंबरात तरुण संघाच्या मुलांचा कॅरोल राउंड, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणं, निघेल. तो वर्षानुवर्षं जुन्या सभासदांच्याच घरी जातो, तिथेच केक नि करंज्या होतात. माझी कमिटीला विनंती आहे की, यंदाच्या यादीत मोशी, भोसरी, चाकणच्या भाड्याच्या खोल्या नि मुलींची होस्टेलं घालावीत. रात्रपाळी असणाऱ्यांसाठी एक राउंड रविवारी दुपारी काढावा. पत्ते जमवायचं काम माझ्यासारख्या निवृत्त बायका आनंदानं करतील.

एक वाचक, चिंचवड