तुझी पेटी, काकूंची बासरी

नागपूर, १२ एप्रिल

प्रिय दोस्ता,

काय करून राहिला? मी महालातल्या आपल्या त्याच माडीवरच्या खोलीत बसलो आहे, तेही भर दुपारी कूलर बंद करून. कूलरच्या घरघरीत स्वर विझतानाचा शेवट ऐकू येत नाही, अन् सध्या मला नेमका तोच ऐकायचा आहे. घामानं बोटं पट्ट्यांवरून घसरतात, पण आज तुला सगळं लिहायचंच आहे.

३० एप्रिलला ग्रामजयंती, म्हणजे तुकडोजी महाराजांची जयंती. मोहल्ल्यातलं भजनी मंडळ त्यांची भजनं बसवून राहिलं आहे, अन् त्यासाठी मी तुझा केहेरव्याचा पॅटर्न काढला. तोच, सोलापूरला जायच्या आदल्या आठवड्यात तू वर्कस्टेशनवर, म्हणजे आपल्या रेकॉर्डिंगवाल्या कीबोर्डवर, वाजवून भरून ठेवलेला. मंडळातल्या काकूंना तो फार आवडला. म्हणाल्या, "सगळं असंच राहू दे, फक्त पेटीच्या जागी बासरी कर. पेटी तर आम्ही समोर वाजवणारच आहोत."

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. पॅटर्नमध्ये आवाज साठवलेला नसतोच ना! कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात दाबली अन् कधी सोडली, एवढीच नोंद असते. १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्यायंत्रांची ही आपसातली भाषा, आली तेव्हापासून ही नोंद अशीच चालते. त्यामुळे ट्रॅकला दुसरं वाद्य दिलं की तेच स्वर त्या वाद्यात वाजतात. (काकूंनी मागे आलाप गाऊन ठेवला होता, तो मात्र ऑडिओ आहे. त्याला काही करता येत नाही.)

मिक्सिंगमध्ये जाऊन तुझ्या पार्टला बासरी लावली, प्ले दाबलं, अन् पहिल्याच मात्रेला पुन्हा पेटी! तीनदा तसंच झालं. शेवटी ट्रॅकमधल्या नोंदींची यादी, इव्हेंट लिस्ट, उघडली तर अगदी वर एक प्रोग्रॅम चेंज, म्हणजे वाद्य बदलायचा हुकूम, बसलेला. पॅटर्न सुरुवातीपासून वाजला की तो दर वेळी पेटीच लावणार. तो पुसला तेव्हा कुठे बासरी टिकली. तिथेच नंबर बदलूनही भागलं असतं, पण एक सांभाळायचं. जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांसाठी ठरलेल्या वाद्यांच्या, छापील यादीत बासरी ७४ वर आहे, अन् काही यंत्रं मोजणी शून्यापासून करतात. तिथे ७३ द्यावा लागतो, ७४ दिला की रेकॉर्डर नावाची पाश्चात्त्य बासरी वाजते.

बासरी लागली, पण ऐकवेना. तुझा अंगठा सगळ्या तुकड्यात खालचा सा धरून बसला आहे! पेटीवर ते किती भरलेलं वाटतं. पण एका माणसाच्या फुंकेतून दोन स्वर कसे निघणार? मग तुझा सा वेचून दुसऱ्या ट्रॅकवर टाकला अन् त्याला तंबोऱ्यासारखा मंद आवाज दिला. उरलेल्या स्वरांतही तू पुढची पट्टी दाबल्यावरच मागची सोडतोस, त्यामुळे बासरीत स्वर एकमेकांवर चढत होते. आवाज मोनो केला, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजेल असा, तुकडा एक सप्तक वर नेला, तेव्हा जरा मोकळं झालं.

मधल्या तुकड्याला संतूर लावून पाहिलं, तेव्हा तुझा हात मला खरा दिसला. काही स्वर कानात ठणकत होते, काही ऐकूच येत नव्हते. व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबल्याच्या जोराचा १ ते १२७ मधला आकडा, पाहिली तर कुठे ५०, कुठे ११५. आधी वाटलं, भरतानाच काही चुकलं. मग लक्षात आलं की तू पेटीवाला आहेस. पेटीत बोट हळू पडलं काय अन् जोरात पडलं काय, आवाज ठरवतो भाता. इतकी वर्षं तुझ्या बोटांना जोराचा हिशेब ठेवायची गरजच पडली नाही. यंत्रातला पेटीचा आवाजही त्या जोराला दाद देत नव्हता, म्हणून आपल्याला हे कधी कळलंच नाही.

सगळे आकडे ९० वर सपाट करता आले असते. पण मला ते करवलं नाही. व्हेलॉसिटी ६० टक्क्यांवर आणली अन् वर ४० मिळवले. ५० चा स्वर ७० झाला, ११५ चा १०९. चढउतार तुझेच राहिले, फक्त दरी कमी झाली. स्वर काटेकोर मात्रेवर ओढणाऱ्या क्वांटाइझला तर मी हातही लावला नाही. पाचव्या मात्रेवर तू केसभर मागे येतोस ना, ते सरळ केलं की त्या ठेक्यातला जीवच जातो.

आता खरी गोष्ट सांगतो. भरताना तू पायाखाली आवाज कमीजास्त करायचं एक्स्प्रेशन पेडल घेतलं होतंस, आठवतं? म्हणाला होतास, भात्याशिवाय मला वाजवताच येत नाही. ते पेडलही पॅटर्नमध्ये उतरलं आहे. काल रात्री दोनला, गल्ली निजल्यावर, मी बासरी एकटीच लावून ऐकली. तुझा भाता जिथे भरत होता तिथे बासरीची फुंक भरत होती, अन् ओळ संपता संपता ती हळूच विझत होती. मी त्यात काहीही केलेलं नव्हतं. इतकी बासरीवाल्यासारखी बासरी मला त्या यंत्रातून कधी काढता आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, राजा.

खंजिरीचं मात्र जमणार नाही. ड्रमच्या ट्रॅकवर प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळं वाद्य. ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर, ५४ वर टॅम्बोरिन. टॅम्बोरिनची झांज वाजते, पण खंजिरीची कातडी बोलत नाही. तो ट्रॅक मी म्यूट केला आहे. मंडळातल्या पोरांनी हातानंच वाजवावी.

हो, एकदा सगळं केलेलं गेलंही. स्टोअर न करता दुसऱ्या पॅटर्नवर गेलो. आता तुझा मूळ पॅटर्न रिकाम्या नंबरवर कॉपी करूनच हात लावतो. मूळ जसाच्या तसा आहे, काळजी करू नको.

तुझ्याकडून एकच हवं आहे. अंतऱ्याच्या शेवटी नी वरून सा वर जातोस, तिथे पेटीत मींड नव्हती, बासरीला ती पाहिजे. मी स्वर वरखाली सरकवणारं कीबोर्डचं व्हील फिरवून पाहिलं, पण तो हात तुझ्या स्वरांना शोभत नाही. सोबत मिडी फाइल पाठवतो. चॅनेल १ वर बासरी आहे, २ वर सा. फाइलमध्ये आवाज येत नाहीत, म्हणून तुझ्या कीबोर्डवरची बासरी लावून घे. बेंड रेंज, म्हणजे व्हीलनं स्वर किती सरकतो ते, दोन सेमीटोनच ठेव, माझ्याकडेही तेवढीच आहे. चॅनेल १ वर ओव्हरडब करून, म्हणजे आधीचं न पुसता त्यावरच भरून, फक्त व्हील फिरव, पट्टीला हात लावू नको. अन् मींड झाली की व्हील पूर्ण मधोमध आलं की नाही पाहा, नाहीतर पुढचा सगळा अंतरा बेसूर राहतो. २५ तारखेपर्यंत पाठवलंस तर काकूंसोबत दोन तालमी होतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
माडीवरचा दोस्त