पार्किंगचे जुने पत्रे आणि बोअरच्या पाण्याची तपासणी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,

स.न.वि.वि.

परवाच्या सभेत वॉटर प्लांटवाल्याने बोअरच्या पाण्यात दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं. पाणी चहासारखं झालं, ‘याने कॅन्सर होतो’ म्हणाला आणि सगळे गार. तो गाळ पाण्यातला नव्हता हो, त्याच्याच लोखंडी सळ्यांचा होता! क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते. आरओच्या पाण्यातून जेमतेम वाहते, म्हणून ते नितळ राहतं. टीडीएस मीटरने 900 दाखवलं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. चव बिघडेल, गिझर बिघडेल, पण कॅन्सरचं काही त्या आकड्यावरून कळत नाही. भारतीय मानकात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. ती दसपट ओलांडली तरी मीटरला पत्ता लागणार नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून आर्सेनिक, क्रोमियम, शिसं, नायट्रेट, युरेनियम तपासून घ्यावं. तोवर प्लांटला ॲडव्हान्स देऊ नये.

मला धास्ती आहे ती पार्किंगच्या पत्र्यांची, आणि त्यावर सभेत चकार शब्द निघाला नाही.

सोसायटी झाली तेव्हापासूनचे हे सिमेंटचे पत्रे. त्या काळच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस (घातक खनिज तंतू) असणारच, असंच धरून चालावं. ते नुसते डोक्यावर असले तर फारसं बिघडत नाही. पण रविवारी मुकादमाच्या माणसाने दोन पत्रे हातोड्याने फोडून उतरवले. तुटलेल्या कडेला कापसासारखे तंतू लोंबत होते. माझ्या स्कूटरच्या सीटवर करडी भुकटी साचली होती, त्यात एका पोराने बोटाने नाव लिहिलं. मग वॉचमनने सगळं कोरड्या खराट्याने झाडलं, म्हणजे खाली बसलेलं पुन्हा हवेत. हे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन अडकतात. फुप्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा कॅन्सर 20 ते 40 वर्षांनी दिसतो. एका दिवसाच्या धुळीने आपल्याला काही होईल असं मी म्हणत नाही, पण रोज हेच काम करणाऱ्या मुकादमाच्या त्या माणसाच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता.

येत्या शनिवारचं काम थांबवावं. उरलेले 22 पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवावेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत. कामगारांना पी-100 फिल्टरचे (ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू अडवणारे) घट्ट बसणारे मास्क सोसायटीने द्यावेत. झाडू अजिबात नको, ओलं फडकं वापरावं. तुकडे राडारोड्यात टाकू नयेत; त्यांची विल्हेवाट कुठे लावायची ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावं.

पाण्याच्या नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते. ती मी आणीन, पंपाची किल्ली तेवढी कुणाकडे मिळेल ते कळवा.

आपली,
सभासद, बी-204