बाबांचं पत्र : कृष्णविवराच्या फोटोतल्या त्या धूसर कड्याबद्दल

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

"कृष्णविवराचा फोटो म्हणजे कम्प्युटरची करामत, नाहीतर आपल्या खोडदच्या डिशनीच नसता काढला?" असं फोनवर म्हणालीस आणि नेमकी रेंज गेली. म्हणून लिहितोय.

खोडदच्या, म्हणजे पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, ३० डिश २५ किलोमीटरवर पसरल्यात, पण त्यांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा. लांब रेडिओलहरींना ती जाळी पुरते. तो फोटो काढला १.३ मिलिमीटरच्या लहरींवर. त्या जाळीतून आरपार जातील. शिवाय लहर आखूड आणि डिशमधलं अंतर मोठं, तेवढा बारकावा जास्त. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव इथल्या ८ दुर्बिणी एकाच वेळी कामाला लावल्या. पृथ्वीएवढी दुर्बीण म्हणतात ती हीच.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. या दुर्बिणींना जोडणारी एकही तार नव्हती. प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसरचं घड्याळ, म्हणजे एक प्रकारचं अणुघड्याळ, कोटभर वर्षांत जेमतेम सेकंदाने चुकणारं. आलेला सिग्नल त्या वेळेसकट हार्डडिस्कवर उतरवायचा. उंच डोंगरावर हवा विरळ, साध्या डिस्क बंद पडतात, म्हणून हेलियम भरलेल्या वापरल्या. सगळा डेटा सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे ५० लाख गिगाबाइट. इंटरनेटने कुठला जातोय! विमानाने अमेरिकेत हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉन शहरातल्या संस्थेत नेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथल्या हिवाळ्यात अडकल्या, त्या डिसेंबरात पोचल्या. मग वेळा जुळवून सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले.

करामतीचं म्हणशील तर तुझा संशय अगदीच फुकट नाही. दुर्बिणी मोजक्या, त्यामुळे मधली बरीच माहिती नसतेच आणि त्याच आकड्यांत एकाहून जास्त चित्रं बसू शकतात. हे फोटो काढणाऱ्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. त्यांनी चार गट केले आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता चित्र काढायला लावलं. चारही गटांच्या चित्रात गोल कडंच आलं, खालच्या बाजूला जास्त उजळ. १० एप्रिल २०१९ ला आपण पाहिलं ते एम८७ आकाशगंगेतलं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूरचं.

आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं निरीक्षण त्याच दिवसांतलं, चित्र मात्र मे २०२२ मध्ये आलं. त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत फेरी मारतो, म्हणजे निरीक्षण चालू असतानाच दृश्य बदलतं. शंका काढायचीच तर त्या चित्रावर काढ, तिथे मीही थोडा तुझ्या बाजूने आहे.

तुझा,
बाबा