क्लासची फी भरण्याआधी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सांभाळून पुढेमागे स्वतःचं फॅब्रिकेशनचं काम काढायचं, त्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं, आणि म्हणून एका क्लासची साठ हजार रुपये फी भरू का, असं विचारलंयस. भरू नकोस. निदान या वर्षी तरी नको. तेवढ्या पैशात एक चांगलं वेल्डिंग मशिन आणि महिन्याभराचं खेळतं भांडवल उभं राहील. क्लासमध्ये जे शिकवतात ते जवळजवळ सगळं फुकट किंवा हजार-दीड हजारात मिळतं. कुठे मिळतं, कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि माणसं कुठे अडकतात, ते सविस्तर लिहितो.

आधी सर्टिफिकेटचं बघू. ते कामाला येतं ते दुसऱ्या कुणाच्या नोकरीत : मोठी कंत्राटदार कंपनी, आयटी, आखाती देशातली साइट. तुझ्या शेडमध्ये येणारा गिऱ्हाईक ते विचारणार नाही. तो विचारेल, गेट कधी मिळेल आणि भाव तोच राहील ना. म्हणून आधी शीक ते वेळेचं आणि पैशाचं गणित. परीक्षा नंतर, गरज पडली तर.

वेळेच्या गणितासाठी एनपीटीईएल धर. आयआयटींची ऑनलाइन व्याख्यानं आहेत आणि सरकारच्या स्वयम पोर्टलवर नाव नोंदवणं फुकट आहे. आयआयटी रुरकीचा ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स’ सर्वसाधारण माणसासाठी बरा. आयआयटी मद्रासचा ‘प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड कंट्रोल’ बांधकामाच्या अंगाने जातो, तुला तो जास्त जवळचा वाटेल. कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात. जो हवा तो या सत्रात नसेल, तर त्याची जुनी व्याख्यानं यूट्यूबवर असतातच. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. वेग पाऊणपट कर, सबटायटल लाव. काही कोर्सेसच्या व्याख्यानांची मराठी भाषांतरंही एनपीटीईएलच्या साइटवर मिळतात.

प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. ती हजार रुपयांच्या आसपास असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. निकालात २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठांपैकी उत्तम सहा असाइनमेंट धरतात, बारा आठवड्यांच्या कोर्सला बारांपैकी उत्तम आठ. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. माणसं गळतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण दर आठवड्याची मुदत चुकली की ती असाइनमेंट गेली. तेव्हा रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बस आणि असाइनमेंट मुदतीच्या दोन दिवस आधीच टाकून दे.

पण नुसतं ऐकून काही हाती लागत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून एक खरं काम कागदावर घे. समज, एक यंत्र बसवायचंय. पाया खोदून काँक्रीट ओतायला ४ दिवस. त्यावर क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, १० दिवस, कारण बाजारात बहुधा पीपीसी (मिश्र) सिमेंट मिळतं आणि आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक त्याला किमान १० दिवस सांगतं, साध्या ओपीसीला ७. यंत्र ऑर्डर दिल्यापासून १५ दिवसांनी येणार. वायरिंगला ५ दिवस. पाया तयार आणि यंत्र हजर झालं की बसवणं, लेव्हल करणं २ दिवस. ते झालं आणि वायरिंगही झालेलं असलं की ट्रायल ३ दिवस.

आता वाटा मोज. पायाची वाट : ४ + १० + २ + ३ = १९. यंत्राची वाट : १५ + २ + ३ = २०. वायरिंगची : ५ + ३ = ८. सगळ्यात लांब वाट कामाचा वेळ ठरवते, तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. म्हणून काम २० दिवसांचं आणि क्रिटिकल पाथ यंत्राचा. पायाकडे सवड १ दिवसाची, वायरिंगकडे १२ दिवसांची. पाऊस लागून पाया ३ दिवस लांबला, तर त्याची वाट २२ होते. म्हणजे काम २ दिवस लांबतं, आणि क्रिटिकल पाथ आता पायाचा होतो. हे नीट डोक्यात बसव. नवखा माणूस सुरुवातीला एकदा क्रिटिकल पाथ काढून लाल रंगाने रंगवतो आणि महिनाभर त्याच कामामागे धावतो. एक-दोन दिवसांची सवड असलेली कामं खरी दगा देतात. म्हणून दर आठवड्याला वाटा पुन्हा मोजायच्या.

हे एक्सेलमध्ये किंवा फुकटच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करता येतं. तारखा काढायला ‘वर्कडे’ (WORKDAY) फंक्शन वापरतात, पण ते शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं. आपल्याकडे कारखान्याला एकच सुट्टी असते, त्यामुळे ‘वर्कडे.आयएनटीएल’ (WORKDAY.INTL) घे. त्यात सुट्टीचा अंक ११ दिला की फक्त रविवार, १५ दिला की फक्त गुरुवार. पिंपरी-भोसरीकडे गुरुवारची सुट्टी असते, तिथल्या पुरवठादाराचं काम असेल तर हा १५ उपयोगी पडतो. सणांच्या तारखांची यादी वेगळ्या रकान्यात ठेवून जोड. आणखी एक खोच : हे फंक्शन सुरुवातीचा दिवस मोजत नाही. सोमवारी सुरू झालेलं २ दिवसांचं काम मंगळवारी संपायला हवं, ते बुधवार दाखवतं. म्हणून सुरुवातीच्या तारखेतून एक वजा करून दे. आणि क्युरिंगला हे फंक्शन लावूच नकोस. काँक्रीटला रविवारची सुट्टी नसते. तिथे साधी बेरीज कर.

वीस-पंचवीस कामांच्या पुढे गेलास की गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर उतरवून घे. दोन्ही फुकट आहेत, आणि प्रोजेक्टलिब्रेमध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइल्सही उघडतात. सॉफ्टवेअर मात्र कागदावर एकदा वाटा मोजल्यानंतरच. नाहीतर सगळ्या कामांना तारखा हाताने टाकल्या जातात, कामं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि एक काम सरकलं तरी बाकीचा तक्ता जागचा हलत नाही. असा तक्ता भिंतीवर शोभतो, उपयोगाचा नसतो.

प्रगती मोजताना ‘किती टक्के झालं’ हे कारागिराला विचारू नकोस. तो नव्वद सांगतो आणि पुढचे तीन आठवडे नव्वदच राहतं. सुरू झालं तर ५०, संपलं तर १००, मधलं काही नाही. छोट्या कामांना तर ० किंवा १०० एवढंच ठेव. खर्चाची जोड अशी द्यायची : १० ग्रिल, प्रत्येकी ८,००० धरून बजेट ८०,०००. आठवड्याअखेर ५ व्हायला हवे होते, झाले ४, आणि खर्च झाला ३६,०००. ठरलेलं काम ४०,०००चं, झालेलं ३२,०००चं. म्हणजे वेळेत ०.८ च्या गतीने चाललोय, आणि खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे ८९ पैशांचं काम निघतंय. हेच चालू राहिलं तर १० ग्रिलना ८०,००० नाही, ९०,००० लागतील. हे पहिल्या आठवड्यातच कळलं म्हणून उपयोग. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात आणि सगळं मिळून तीन आकड्यांचा खेळ आहे.

आता पैशाकडे येतो, कारण छोटे उद्योग बहुधा इथेच बसतात. हिशेब शिकायला सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात दुर्लक्षित साहित्य म्हणजे बालभारतीची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची पाठ्यपुस्तकं. पुस्तपालन आणि लेखाकर्म, वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन, दोन्ही विषय मराठीत आहेत आणि ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. अकरावीच्या पुस्तकातले रोजकीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि बँक जुळवणी एवढे चार भाग वहीत सोडव. दोन महिने पुरतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास त्याआधी लावू नकोस. नोंद कोणत्या खात्याला नावे आणि कोणत्या खात्याला जमा, हे न समजता टॅली शिकलेला माणूस चुकीचा हिशेब फक्त वेगाने करतो.

पुस्तकात ठळकपणे न येणारी गोष्ट म्हणजे फायदा असूनही रोख संपणं. समज, ५,००,०००चं काम आणि १८ टक्के जीएसटी ९०,०००. माल ३,००,०००चा, त्यावरचा जीएसटी ५४,०००, मजुरी ८०,०००. कागदावर फायदा १,२०,०००. एप्रिलच्या ५ तारखेला बिल दिलंस आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी, म्हणजे ४ जूनला पैसे देणार. पण दरमहा रिटर्न भरणाऱ्याला एप्रिलचा कर २० मेपर्यंत भरावा लागतो : ९०,००० वजा मालावर आधीच भरलेले ५४,०००, म्हणजे ३६,०००. तोवर तुझ्या खिशातून मालाचे ३,५४,०००, मजुरीचे ८०,००० आणि हे ३६,००० असे ४,७०,००० गेलेले असतात आणि आलेला असतो शून्य. यासाठी तेरा आठवड्यांचा रोख तक्ता कर. तेरा रकाने, प्रत्येकात सुरुवातीची शिल्लक, येणार, जाणार, अखेरची शिल्लक. ‘येणार’मध्ये गिऱ्हाईकाने कबूल केलेली तारीख लिहू नकोस, तो आजवर ज्या सवयीने देत आलाय ती तारीख लिही. जिथे अखेरची शिल्लक वजा दिसेल, त्याच्या महिनाभर आधी ॲडव्हान्स मागायचा किंवा बँकेत जायचं.

याच्याच जोडीने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कामाच्या आधी करून ठेव. सरकारी पोर्टलवर ती आधारवर होते, एक रुपयाही लागत नाही. तिच्या नावाने हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत, त्यांना भुलू नकोस. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलास की २००६च्या एमएसएमई विकास कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. नेहमीच्या गिऱ्हाईकावर लगेच तक्रार कोणी करत नाही, पण बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की मुदतीचं बोलणं सोपं जातं.

समोरासमोर शिकायला आवडत असेल तर आपल्याच जिल्ह्यात सोयी आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८पासून हेच काम मराठीतून करतंय. जिल्ह्यातल्या त्यांच्या कार्यालयात जाऊन पुढच्या प्रशिक्षणाची तारीख विचार. ग्रामीण भागातल्या माणसासाठी अग्रणी बँकांच्या आरसेटी, म्हणजे स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आहेत : प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या अनुदानाच्या योजनेतून कर्ज घ्यायचा विचार असेल तर बहुतेक प्रकल्पांना उद्योजकता प्रशिक्षण घ्यावंच लागतं, तेव्हा ते आधी उरकलेलं बरं. दोन्हीकडे जाताना वर सांगितलेला रोख तक्ता घेऊन जा. स्वतःचे आकडे समोर ठेवून प्रश्न विचारणाऱ्याला तिथले लोक मनापासून मदत करतात.

एमबीएची ओढ असेल तर इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशवर उघडं आहे, प्रवेश न घेताही वाचता येतं. तुझ्यासाठी खर्च नियंत्रण आणि विपणनाचे भाग पुरेत.

आणि उद्या बेत बदलला, मोठ्या कंपनीत जायचं ठरलं, तर पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटची सर्टिफिकेटं देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या परीक्षांचं असं आहे. कॅपम ही सुरुवातीची परीक्षा, तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. पीएमपी ही वरची, तिला प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव किती वर्षांचा, ते शिक्षणावर ठरतं, म्हणून डिप्लोमाचा नियम पीएमआयच्या साइटवरच बघून घे. महागडे क्लास विकतात ते मुख्यतः हेच तास. ऑनलाइन कोर्सही चालतो, फक्त त्याच्या शेवटी चाचणी असायला हवी. उडेमीवर असे कोर्स सेलमध्ये पाचशे-सहाशे रुपयांत मिळतात. सेल वरचेवर असतात, पूर्ण किमतीला कधीच घेऊ नकोस. पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि अनुभवाचे कागद जपून ठेव, कारण पीएमआय काही अर्ज तपासणीला काढतं आणि तेव्हा पुरावे मागतं. शिवाय पीएमपी दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) दाखवून आणि फी भरून चालू ठेवावी लागते, हा खर्च क्लासवाले सांगत नाहीत. नेमणूक किंवा बढती त्यावर अडलेली असेल तेव्हाच त्या वाटेला जा.

तर या रविवारी ग्रिलचं नाहीतर शेडचं एक काम निवड, त्याचे पंधरा-वीस तुकडे पाड, प्रत्येकापुढे दिवस आणि ‘कशानंतर’ एवढं लिही आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव. वाटा मी तपासून देतो. रोख तक्त्याचा नमुना तोवर करून ठेवतो, जीएसटीची ओळ घालून.

घरी सगळ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र