क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : सक्ती करायचीच तर पदाधिकाऱ्यांवर करा

मा. क्रीडामंत्री महोदय,
सादर नमस्कार.

व्यावसायिक खेळाडूंनी पत्रकारांशी बोललंच पाहिजे, नाही बोलले तर दंड, अशी मागणी अधूनमधून उठते. बहुतेकदा एखादा मोठा खेळाडू हरल्यावर तडक हॉटेल गाठतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मागणी करणारे बरेचसे माझेच व्यवसायबंधू असतात. मीही क्रीडा पानावर काम करतो. पान सुटायच्या घाईत खेळाडूच्या दोन वाक्यांसाठी खोळंबून राहणं माझ्या रोजच्या कामात येतं. तरीही संघटनांना मान्यता देताना असं कलम घाला, असं कुणी आपल्याला सुचवलं, तर ते घालू नये अशी माझी विनंती आहे.

या वादात जपानची टेनिसपटू नाओमी ओसाकाचं नाव निघतंच. मे २०२१ मध्ये फ्रेंच ओपनच्या तोंडावर तिने जाहीर केलं की, मनःस्वास्थ्यासाठी आपण या स्पर्धेत पत्रकार परिषदा घेणार नाही. पहिली फेरी जिंकल्यावर ती गेली नाही, तेव्हा १५,००० डॉलर दंड झाला. एवढ्यावर भागलं नाही. चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांच्या, आयोजकांनी एकत्र पत्रक काढून स्पर्धेतून बाद करण्याचा आणि पुढे बंदीचाही इशारा दिला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच स्पर्धेतून बाहेर पडली. नैराश्याशी आपण २०१८ पासून झगडतोय, हे तिने त्याच वेळी सांगितलं. म्हणजे जे तिला सांगायचं नव्हतं ते दंडाच्या बडग्याखाली चव्हाट्यावर आलं. आणि प्रेक्षकांना काय मिळालं? त्यांनी तिकीट काढलं होतं ते टेनिस बघायला. तेही गेलं.

करार केलाय, मग पाळा, असं म्हणणारे म्हणतील. बरोबर आहे, कागदावर सही असते. पण चार मोठ्या स्पर्धा असलेल्या खेळात त्या चौघांच्याही अटी सारख्याच असतील, तर सही न करण्याची मुभा कुणाला उरते?

शिवाय ही सक्ती नेमकी कशासाठी असते, ते पत्रकार परिषदेच्या खोलीत बसून पाहावं. खेळाडूच्या मागे प्रायोजकांच्या चौकोनांनी भरलेला फलक. टेबलावर बाटली, तिचं लेबल न चुकता कॅमेऱ्याकडे वळवलेलं. कुणी ती हलवली तर बाजूला उभा असलेला माणूस हळूच येऊन पुन्हा सरळ करतो. माइक फिरवणारा, आणि तिसऱ्याच प्रश्नाला ‘शेवटचा प्रश्न’ म्हणणारा संयोजक. जून २०२१ मध्ये फुटबॉलच्या युरो स्पर्धेत क्रिस्तियानो रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या बाटल्या बाजूला सारून पाण्याची बाटली उचलून दाखवली. त्यानंतर फ्रान्सच्या पॉल पोग्बाने बिअरची बाटली टेबलावरून हटवली. लगेच ‘युएफा’ने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल महासंघाने, संघांना प्रायोजकांबाबतच्या जबाबदारीची आठवण करून दिली. खेळाडू काय बोलला यापेक्षा बाटली कुठे होती याची काळजी मोठी.

आमचीही बाजू फार उजळ नाही. अंतिम सामना हातातोंडाशी येऊन निसटलेल्या माणसाला ‘आता कसं वाटतंय?’ हे आम्हीच विचारतो, आणि तो ‘पुढच्या वेळी चांगला प्रयत्न करू’ म्हणाला की तेच मथळ्यात घेतो.

सक्तीने तोंड उघडतं, पण उत्तर मिळत नाही. अमेरिकन फुटबॉलमधला मार्शॉन लिंच पत्रकारांना टाळायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये लीगने त्याला एक लाख डॉलर दंड केला. मग जानेवारी २०१५ मध्ये सुपर बोलआधीच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याआधीच्या, माध्यम दिनी तो आला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला : दंड होऊ नये म्हणून मी इथे आलोय. पाच मिनिटांच्या आत उठून गेला. नियम पाळला गेला. दुसरं टोक सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं. तो वर्षानुवर्षं पत्रकारांसमोर बसला, भरभरून बोलला, शंका घेणाऱ्यांना तिथेच झापलं, आणि धडधडीत खोटं बोलला. २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली, ती सहकाऱ्यांच्या साक्षींवर आणि उत्तेजकविरोधी संस्थेच्या तपासावर.

आता उलट बाजू, आणि ती मला खरंच महत्त्वाची वाटते. पत्रकार परिषदा बंद पडून खेळाडू फक्त स्वतःच्या खात्यावरून बोलू लागले, तर आपल्याला ऐकू येईल ते जाहिरातदाराने आणि मॅनेजरने तपासून दिलेलं. न निवडलेला प्रश्न समोर येण्याची जागा हवीच, आणि तिचा फायदा कधीकधी खेळाडूलाच होतो. डिसेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निघण्यापूर्वी विराट कोहली पत्रकारांसमोर बसला. टी-ट्वेंटीचं कर्णधारपद सोडू नकोस असं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं तो म्हणाला. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सौरव गांगुली यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. एकदिवसीय संघाचं कर्णधारपद गेल्याचंही कसोटी संघाबद्दलचं बोलणं संपता संपता फोनवर कळवलं गेलं, असं त्याने सांगितलं. मंडळाच्या प्रसिद्धिपत्रकातून हे कधी बाहेर आलं असतं?

म्हणून जागा हवी, पण बोलण्याची सक्ती नको. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी बेसबॉलच्या यँकी स्टेडियममधल्या लॉकर रूममध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, महिला पत्रकारांना मज्जाव करणं बेकायदा ठरवलं. दावा पत्रकार मेलिसा लुडटके यांचा होता. त्यांना पुरुष सहकाऱ्यांइतकाच आत जाण्याचा हक्क मिळाला. आतल्या खेळाडूने उत्तर द्यावंच, असं त्यांनी मागितलं नव्हतं.

ऑलिम्पिकमधला मिक्स्ड झोन साधारण याच तत्त्वावर चालतो. मैदानातून बाहेर पडताना खेळाडूला कठड्यापलीकडच्या पत्रकारांसमोरून जावंच लागतं. थांबायचं की नाही, हे त्याच्या हातात असतं. पुष्कळ जण थांबतात. सातव्या आलेल्या, घामाने निथळणाऱ्या खेळाडूची चाल तिथे हळू होते, कुणी हाक मारेल म्हणून. आमचे सगळे माइक विजेत्याकडे वळलेले असतात. दंडाची भाषा करणाऱ्यांनी हेही एकदा बघावं.

तेव्हा कलम घालायचंच असेल तर मिक्स्ड झोनचं घाला. हरलेल्याला आधी श्वास घ्यायला थोडा वेळ द्या. तब्येत, घर, तक्रारीची चौकशी यांवर ‘बोलायचं नाही’ म्हणणं हा गुन्हा ठरू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर पालकांच्या संमतीशिवाय माइकसमोर आणूच नका.

आणि बोलण्याची सक्ती ठेवा ती पदाधिकाऱ्यांवर. संघातून कुणाला का वगळलं, प्रशिक्षकाविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारीचं काय झालं, अनुदान कुठे खर्च झालं, उत्तेजक चाचण्या वेळेवर का झाल्या नाहीत, ही उत्तरं बावीस वर्षांच्या गोलंदाजाकडे नसतात. ती ज्यांच्याकडे असतात ते पत्रकं काढतात. ओसाका बाहेर पडली तेव्हा फ्रेंच टेनिस महासंघाचे अध्यक्ष जिल मोरेतों यांनी निवेदन वाचून दाखवलं आणि एकही प्रश्न न घेता ते निघून गेले. त्यांना कुणी दंड केल्याचं ऐकिवात नाही.

मान्यता हवी असेल तर संघटनेच्या अध्यक्षांनी आणि सचिवांनी दर तीन महिन्यांनी खुली पत्रकार परिषद घ्यावी, प्रश्न आधी मागवू नयेत, आणि टाळल्यास दंड खेळाडूंच्या निधीतून न भरता स्वतःच्या खिशातून भरावा. एवढं एक कलम करा.

आपलं यावरचं मत मात्र प्रसिद्धिपत्रकातून कळवू नका. पत्रकार परिषद बोलवा, आम्ही येऊ.

आपला,
क्रीडा पानावरचा एक उपसंपादक