रात्रपाळीचे कामगार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बिल्गे कारासू या तुर्की लेखकाच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाच्या परीक्षणाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार मानतो. तुर्की साहित्य म्हटलं की आपली गाडी नोबेलवाल्या एका नावावर अडते. ती पुढे सरकली, हे चांगलंच झालं. पण सरकली ती रूळ सोडून.

पुस्तकाच्या नावापासूनच सुरुवात करू. परीक्षणात छापलंय तसं ते 'गेसे' नाही, 'गेजे' आहे, म्हणजे रात्र. तुर्कीत १९२८ पासून रोमन लिपी आहे आणि तिथे साध्या 'सी'चा उच्चार 'ज' होतो. त्याच 'सी'ला खाली शेपटी लावली की 'च'. म्हणून कादंबरीतलं पात्र 'सेविंक' नाही, 'सेविंच'. दुसरं पात्र सेविम. दोन्ही नावं प्रेम करणे या एकाच धातूवरून आलेली, कानाला जवळजवळ सारखी, त्यामुळे वाचक गोंधळतो. परीक्षकांनी एकाचं 'सेविंक' केल्याने हा गोंधळच नाहीसा झाला. सोय झाली म्हणायची.

आता 'रात्रपाळीचे कामगार', म्हणजे कादंबरीतल्या मारेकऱ्यांना परीक्षकांनी दिलेलं नाव. हे वाचून गिरणीचा भोंगा ऐकू आला. मूळ शब्द 'गेजेनिन इश्चिलेरी'. 'इश्ची' म्हणजे कामगारच, तेवढं बरोबर. पण हे रात्री काम करणारे नव्हेत, रात्रीच्या मालकीचे, तिचं काम करणारे आहेत. 'रात्रीचे सैनिक' किंवा 'दूत' केलं असतं तर उलटी चूक झाली असती. ही माणसं वीर नाहीत, राक्षसही नाहीत. माणसं मारणं हे त्यांचं रोजचं काम आहे, भीती वाटते ती त्याचीच. 'रात्रीचे कामकरी' म्हणता आलं असतं. शब्द आपल्या घरातला आहे.

परीक्षण म्हणतं, ही '१२ सप्टेंबर १९८०च्या लष्करी उठावाची कादंबरी'. प्रकाशन १९८५चं, म्हणून हा हिशेब केलेला दिसतो. लेखन मात्र १९७५-७६च्या सुमाराचं. उठाव सोडाच, १ मे १९७७चा इस्तंबूलच्या ताक्सिम चौकातला गोळीबार आणि चेंगराचेंगरी, डिसेंबर १९७८चं मराश शहरातलं हत्याकांड, हे सगळं तेव्हा व्हायचं होतं. मागे होतं ते १९७१चं सेनाप्रमुखांचं सरकार पाडणारं निवेदन, त्यानंतरची धरपकड आणि रस्त्यावरच्या टोळ्या. कादंबरीतल्या शहराला नाव नाही, ते बहुधा यासाठीच. तिला उठावाची बखर केलं की वाचक म्हणतो, 'हो, तिकडे तेव्हा असं झालं होतं', आणि पान उलटतो.

पण माझं खरं भांडण परीक्षणासोबत चौकटीत छापलेल्या मराठी उताऱ्याशी आहे. 'मी खिडकीपाशी गेलो', 'मी घाबरलो', 'मी परत आलो.' गेलो, घाबरलो, आलो! या पुस्तकात निवेदक एक नाही. कोण बोलतंय, आधी बोलत होता तोच हा का, हे ताडणं हे वाचकाचं अर्धं काम. तुर्की भाषेत लिंगभेद नाही. तो, ती, ते या तिघांना मिळून एक 'ओ', आणि क्रियापदावरूनही काही कळत नाही. इंग्रजीत निदान 'मी' तरी झाकलेला राहतो. मराठीत 'मी'ने तोंड उघडलं की तो बाप्या की बाई हे पहिल्या क्रियापदातच कळतं. कादंबरीने झाकून ठेवलेलं तुमच्या चौकटीने पहिल्याच ओळीत उघडं केलं.

याला इलाज नाही असं नाही. सकर्मक भूतकाळ घ्या: 'मी दार उघडलं', 'मी दिवा मालवला.' क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणारा झाकलेलाच. भविष्यकाळात 'मी जाईन', यातही लिंग नाही. 'मी झोपलो नाही'ऐवजी 'मला झोप आली नाही', 'मी बघतोय'ऐवजी 'मला दिसतंय.' पुस्तकभर हे रेटता येणार नाही, हे कबूल. 'मला', 'मला' जास्त झालं की निवेदक नुसता सोसणारा वाटू लागतो, आणि जिथे तो सगळी सूत्रं आपल्याच हाती असल्याच्या थाटात बोलतो तिथे हे अंगाशी येतं. पण चौकट होती बारा ओळींची. बारा ओळी सांभाळता आल्या असत्या.

इंग्रजीवरून आणलेल्या मराठीत आणखी एक गोष्ट गळते, आणि तिचं वाईट जास्त वाटतं, कारण ती आपल्याकडे आयती आहे. तुर्कीत भूतकाळ दोन. 'ओनु आल्दलार' म्हणजे नेलं, मी पाहिलं. 'ओनु आल्मश्लार' म्हणजे नेलं म्हणे. ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाचं रूपच वेगळं. त्यात कुणी नेलं ते नाही, आणि 'ओनु' म्हणजे त्याला की तिला हेही नाही. इंग्रजी अनुवादकाला इथे 'असं दिसतं', 'असं ऐकलं' अशी ठिगळं लावावी लागतात किंवा ते सोडून द्यावं लागतं. मराठीत नुसतं 'नेलं म्हणे' लिहिलं की झालं. दोन शब्दांत सगळं येतं, कर्मसुद्धा गाळता येतं. दहशतीखालच्या शहरात शेजारी याच क्रियापदात बोलतात. उताऱ्यात मात्र छापलंय: 'असे दिसते की त्यांनी त्याला नेले होते.' हे पोलीस पंचनाम्याचं मराठी झालं.

आणि तळटिपा. परीक्षक त्यांना 'अनुवादकाच्या टिपा' म्हणतात आणि 'वाचकाने वगळल्या तरी चालतील' असा सल्लाही देतात. एकशे दहा छोट्या तुकड्यांच्या या कादंबरीतल्या त्या टिपा कादंबरीचाच भाग आहेत. वर लिहिलेल्याचा खाली कुणीतरी हिशेब मागतो, शंका काढतो, आणि पुढे पुढे हा टिपा लिहिणाराही भरवशाचा वाटेनासा होतो. त्या वगळणं म्हणजे किल्ली फेकून कुलूप विकत घेणं. शिवाय ग्युनेली ग्युन यांनी हा इंग्रजी अनुवाद लेखकाच्या सोबतीने केला. तो १९९४ला आला आणि कारासू १९९५ला गेले. अनुवादकाची लुडबूड आहे असं वाटलं तर आधी एवढं तरी पाहायचं.

जागेअभावी उताऱ्यातल्या टिपा गाळल्या असं म्हणावं, तर त्याच पानाच्या तळाशी पाच स्तंभ रुंद साड्यांचा महासेल होता. जिथे टिपा असायच्या नेमकं तिथेच.

जाता जाता, 'पेगासस हा तुर्कीचा मानाचा पुरस्कार' हेही चूक. तो मोबिल या अमेरिकी तेल कंपनीने सुरू केलेला. पंखांचा घोडा हे तिचंच चिन्ह. इंग्रजीत फारशा न पोहोचणाऱ्या भाषांतली पुस्तकं इंग्रजीत आणण्यासाठी तो होता. 'गेजे'ला तो १९९१ला मिळाला, म्हणून तर अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती काढली आणि तुमच्या परीक्षकांच्या हाती पडली.

पुढच्या रविवारी शुद्धिपत्र छापणार असाल तर निदान 'गेसे'चं 'गेजे' तेवढं करा. आणि ते शुद्धिपत्र नेहमीसारखं राशिभविष्याच्या खाली, भिंग लावून वाचायच्या टायपात नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज