पुराची रेघ पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधीच्या बैठकांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागल्या आहेत. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, स्थलांतरासाठी कुठल्या शाळा, नालेसफाई कुठवर आली, हे मी दरवर्षी वाचते. यंदाही वाचलं. मृग महिन्यावर आला. पण या यादीत एक गोष्ट मला कधीच सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पुराचं पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी, भिंतीवर मारलेली एक आडवी रेघ आणि तिच्या शेजारी वर्षाचा आकडा, एवढीच ती गोष्ट.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दत्ताच्या छोट्या देवळाच्या भिंतीवर अशा तीन रेघा होत्या. 2005, 2019 आणि 2021. माझ्या वडिलांनी त्या मोजून मारल्या होत्या आणि गवंड्याकडून छिन्नीने कोरून घेतल्या होत्या. गेल्या वर्षी देवळाचं काम निघालं, जुना गिलावा काढला, नवा केला, वर रंग दिला. देऊळ छान दिसतं. रेघा गेल्या. ज्यांनी काम केलं त्यांनी भक्तीनेच केलं, वर्गणी काढून केलं, त्यांच्यावर माझा राग नाही. भिंतीवरचे ओरखडे बुजवले असंच त्यांना वाटलं असणार. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. डिप्लोमा करून पाटबंधाऱ्यांच्या कामावर ओव्हरसिअर म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. ज्या बंधाऱ्याला सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतो, त्या बंधाऱ्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. दगडी खांब, खांबांना खाचा, पाऊस ओसरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे लाकडी फळ्या, सरकवायचे, दोन ओळी करून मधे माती ठासायची, आणि पावसाळा तोंडावर आला की सगळं काढून नदीला वाट मोकळी करायची. बरगे वेळेत निघाले नाहीत तर पाणी तुंबतं आणि काठाची पिकं कुजतात. त्यामुळे जून लागला की आण्णा घरी नसायचे. आमच्याकडे पाऊस कधी येणार असं कुणी विचारत नसे. आई शेजारणीला सांगायची, "अजून बरगे निघाले नाहीत, हे काही दोन दिवस येत न्हाईत."

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा ते मला बरगे घालताना बघायला घेऊन गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं. माणसं लाकडी फळी खाचेत सोडायची आणि वरून मोगरीने ठोकायची. आण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि दोन बरग्यांच्या सांध्यावर तळहात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं हात अडकला. मग माझाही हात धरून तिथं टेकवला. बोटांच्या मधून बारीक धार येत होती, सुईसारखी गार. म्हणाले, "लागतंय का? हितनं पाणी चाललंय." मजुरांनी पुन्हा ठोकलं, माती दाबली. धार बारीक होत होत थांबली ती मला बोटांना कळली. तेव्हाच त्यांनी हात काढला.

त्यांच्या देव्हाऱ्यात अंबाबाई, नृसिंहवाडीचे दत्त महाराज, जोतिबा आणि त्यांच्याच रांगेत राजर्षी शाहू महाराजांचा फोटो होता. 6 मे ला, महाराजांच्या स्मृतिदिनी, त्या फोटोला हार असायचाच. राधानगरी धरणाचं स्वप्न महाराजांनी बघितलं, काम त्यांच्या हयातीत सुरू झालं, 1922 साली महाराज गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. त्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा आण्णांचा जिव्हाळ्याचा विषय. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की दरवाजा आपला आपण उघडतो, उतरलं की मिटतो, बटण दाबायला कुणी लागत नाही. एक दरवाजा उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावतीत येतं आणि तिथून पंचगंगेत. राधानगरीचा दरवाजा उघडल्याची बातमी आली की आण्णा आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडायचे आणि मग छत्री घेऊन पंचगंगा घाटाकडे पाणी बघायला निघायचे. हा क्रम मी चुकलेला बघितला नाही.

दर पौर्णिमेला नृसिंहवाडी, हा त्यांचा नेम चाळीस वर्षांहून जास्त चालला. वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री जातात. आण्णा स्नान करायचे, प्रदक्षिणा जमली नाही तर लांबून नमस्कार करायचे, आणि बाहेर येऊन ओल्या हाताने खिशातली वही काढून घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या ते लिहायचे. सोबतचे नातेवाईक एकदा म्हणाले, "आण्णा, देवाच्या दारात तरी हिशेब नको." आण्णांना त्याचं खरंच वाईट वाटलं. घरी येईपर्यंत गप्प होते. रात्री आईला म्हणाले, "मी हिशेब कुठं करतोय? पाणी दत्त महाराजांच्या पायाला कुठवर लागलं ते ध्यानात ठेवतोय."

खंडेनवमीला आमच्या घरी डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण), टेप, थापी आणि पितळी ओळंबा पाटावर मांडला जायचा. ओळंबा चिंचेने घासून लखलखीत करायचं काम माझं. त्याच्या टोकाला माती राहिली तर आण्णा नखाने काढून दाखवायचे.

अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दलही सांगायला हवं, कारण तो विषय दरवर्षी आपल्या अंकात येतो. परंपरेने नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुढे 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग कमरेवर-छातीवर, मग मुखावर. आण्णांनी मला कॅलेंडर पुढे ठेवून मोजायला लावलं होतं. 21 डिसेंबरच्या मागे 10 नोव्हेंबरपर्यंत 41 दिवस आणि पुढे 31 जानेवारीपर्यंतही 41. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, परत येताना तितक्याच दिवसांनी त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा. हे समजावताना त्यांचा आवाज कापायचा. ज्यांनी हजारएक वर्षांपूर्वी हे देऊळ बांधलं त्यांच्याकडे ना थिओडोलाइट होतं ना कॅल्क्युलेटर, असं म्हणून कानाच्या पाळीला हात लावायचे.

निवृत्तीनंतर ते घरांचे नकाशे करून द्यायचे. महाद्वाराच्या बाजूच्या एका घरमालकाला वरचा मजला चढवायचा होता आणि त्यावर पाण्याची टाकी. टाकी नेमकी किरणांच्या वाटेत येत होती. आण्णांनी नकाशा करायला नकार दिला. पैशाची तेव्हा आम्हाला गरज होती, भावाचं शिक्षण चालू होतं. तरी नाही म्हणाले. पण नुसतं नाही म्हणून बसले नाहीत. त्या माणसाच्या घरी चार वेळा गेले, जिन्याची जागा बदलून टाकी दुसऱ्या टोकाला कशी बसते ते कागदावर काढून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. टाकी आजही दुसऱ्या टोकाला आहे.

नोकरीतही असंच. एका कामावरचे काँक्रीटचे क्यूब 28 दिवसांच्या चाचणीत उतरले नाहीत, त्यांनी एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीवर, सही केली नाही, झालेलं काम तोडायला लावलं. त्यापायी बदली झाली आणि दोन वर्षं आम्ही त्यांना फक्त रविवारी बघितलं. आई एका शब्दाने बोलली नाही, पण तिच्या गुडघ्यांचं दुखणं त्याच दोन वर्षांत वाढलं. आण्णांना ते लागून राहिलं असावं. पुढे घराचा वरचा मजला बांधताना त्यांनी जिन्याची पायरी सात इंचांची न ठेवता पाच इंचांची ठेवली, आईला पाय उचलायला सोपं जावं म्हणून. पायऱ्या वाढल्या, जिना लांबला, आणि त्यांनी स्वतःच्या टेबलासाठी ठेवलेला कोपरा जिन्यात गेला. पुढची सगळी वर्षं ते नकाशे जेवणाच्या ताटांची आवराआवर झाल्यावर, जमिनीवर बसून काढायचे. आई आता ऐंशी पार आहे आणि अजून तो जिना एकटी चढते.

आता रेघांबद्दल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. कोल्हापुरात जुलैमध्ये हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. मोबाइलवर दर तासाला पातळी येते. पण बंधाऱ्यावर अमुक फूट झालं म्हणजे पाणी माझ्या उंबऱ्यापासून किती लांब आहे, हे सांगणारं त्यात काही नसतं. आण्णांच्या वहीत त्यासाठी एक पान होतं. डाव्या बाजूला बंधाऱ्यावरचे फूट, उजव्या बाजूला आमच्या गल्लीतली जागा: गिरणीची पायरी, देवळाचा कट्टा, आमचं जोतं, शेजारच्यांची खिडकी.

2019 च्या ऑगस्टमध्ये या वहीवर विसंबूनच त्यांची चूक झाली, तीही मी लिहिते, कारण त्यांनी ती कधी लपवली नाही. 2005 ची रेघ हीच शेवटची असं त्यांनी धरलं होतं. त्या रेघेच्या वर दोन फूट सोडून आम्ही धान्य, कपडे, आईच्या लग्नातल्या साड्यांची पेटी माळ्यावर रचली आणि रात्री घरातच थांबलो. गल्लीतली बरीच घरं आण्णा निघाले नाहीत म्हणून निघाली नाहीत. पाणी 2005 पेक्षा पाच फुटांहून जास्त वर गेलं, बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडले. आम्हाला बोटीतून काढलं. आण्णा शेवटच्या फेरीला बसले. सगळे सुखरूप होते, पण नंतर कित्येक दिवस ते प्रत्येक घरी जाऊन हात जोडून सांगत होते, "माझ्यामुळं थांबलासा, माफ करा." ती पेटी चिखलात सापडली. साड्यांचा रंग एकमेकीत उतरला होता. आईने त्या फेकू दिल्या नाहीत.

दोन वर्षांनी, 2021 ला, पाणी ऐन गुरुपौर्णिमेच्या सुमाराला चढलं आणि 56 फुटांच्या वर गेलं. त्या वेळी आण्णांनी 39 ला सामान बांधायला लावलं आणि 43 व्हायच्या आत सगळ्या गल्लीला बाहेर काढलं. दारोदार स्वतः फिरले, काठी टेकत. आम्ही राजारामपुरीत आत्याकडे होतो. वाडीला जाणं शक्यच नव्हतं. आण्णा पूर्वेच्या खिडकीशी पाट मांडून बसले, वाडीच्या दिशेला तोंड करून, आणि पादुकांची मानसपूजा केली.

पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची कड राहते. पाऊस पडला की ती दोन-चार दिवसांत धुऊन जाते, म्हणून घर साफ करायच्या आधी ते देवळाशी गेले. माझ्या हातात पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं. नळीची दोन टोकं कितीही लांब असली तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. त्यावरून देवळाची खूण त्यांनी गल्लीतल्या एकेका घराच्या दाराशी आणली. हात थरथरत होता, म्हणून पेन्सिल मी धरली. प्रत्येक घरात जाऊन त्यांनी जोत्यापासून उंची टेपने मोजली आणि वहीत लिहिली. सगळी घरं व्हायला दोन दिवस लागले.

माझी विनंती इतकीच आहे. कोल्हापुरात जिथं जिथं पाणी येतं त्या प्रत्येक गल्लीत, विजेच्या खांबावर, शाळेच्या, तालमीच्या, देवळाच्या भिंतीवर 2005, 2019, 2021 च्या रेघा ऑइलपेंटने माराव्यात आणि शेजारी राजाराम बंधाऱ्यावरची त्या वेळची पातळी लिहावी. निळी आणि लाल पूररेषा नकाशांत असतात, पण नव्याने भाड्याने राहायला आलेलं कुटुंब तो नकाशा बघायला कुठं जाणार? आणि ज्यांच्याकडे भिंती रंगवायची, गिलाव्याची कामं आहेत, त्यांनी रेघ दिसली तर तिच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली जागा सोडावी.

देवळाच्या भिंतीवरच्या तिन्ही रेघांची जोत्यापासूनची उंची आण्णांच्या वहीत इंचांसकट आहे. मंडळाच्या पोरांशी बोलणं झालं आहे, त्यांनी हो म्हटलं आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही त्या पुन्हा मारणार आहोत. शेजारच्या गल्ल्यांनाही हव्या असतील तर वही घेऊन मी येईन. नळी आमच्या माळ्यावर आहे. तिचं दुसरं टोक धरायला फक्त एक माणूस लागेल.

कोनशिलेवर नाव घालायला आण्णांनी कधी दिलं नाही, म्हणून इथंही घालत नाही.

आपली,
एक वाचक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर